सत्काराचा टॉवेल आणि काळी गाडी

काळी गाडी घेऊ नये, असं सोलापुरात कुणी कुणाला सांगत नाही. ऊन किती, धूळ किती, बोअरचं पाणी किती जड हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते दुसऱ्यानं गाडी घेतल्यानंतर सांगायचं असतं. आमच्या सरांनी निवृत्त झाल्यावर आयुष्यातली पहिली गाडी घेतली, ती काळी कुळकुळीत. कारण विचारलं तर म्हणाले, "फळ्याची सवय." जन्मभर काळ्यावर पांढरं उमटवून पोट भरलं, आता म्हातारपणी काळं काळंच राहावं एवढीच त्यांची इच्छा होती. सोलापूरच्या पाण्याची इच्छा निराळी होती.

'आमचे सर' म्हणजे मला शिकवलेले सर नव्हेत. मला कुणी फारसं शिकवलेलंच नाही. आठवीत असताना मी आणि शाळा सामंजस्यानं वेगळे झालो. तिनंही मागं वळून पाहिलं नाही, मीही नाही. गाव भंडाऱ्याकडं, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत. आमच्या तिकडं तलावाचं पाणी इतकं मऊ की अंगाचा साबण धुता धुता दम लागतो. सोलापुरात पहिल्या दिवशी आंघोळ केली तेव्हा साबणाला फेसच येईना. मला वाटलं, साबण खोटा दिला. नंतर कळलं की साबण खरा होता, पाणी त्याला उभं करत नव्हतं.

गावचा एक सोबती इथं टॉवेलच्या कारखान्यात होता. "ये, लावून देतो," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. मी पोचलो तोवर तो स्वतःच हैदराबादला लागला होता आणि मला कळवायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. माणूस कामात असला की असं होतं. दिवसभर फिरून पाय बोलायला लागले तेव्हा मी शुक्रवार पेठेतल्या एका घराच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलो. ते घर सरांचं. सर तेव्हा नोकरीत होते, केम गावच्या शाळेत शिकवायचे आणि रोज रेल्वेनं जायचे-यायचे. संध्याकाळी ते आले आणि स्वतःच्याच दारात परवानगी मागितल्यासारखे उभे राहिले.

"कुणाकडं आलाय?"

"कुणाकडंच नाही जी."

"मग बरोबर पत्त्यावर आलाय की," असं म्हणून त्यांनी कुलूपच नसलेलं दार लोटलं आणि मला आत घेतलं.

आत काकू होत्या. सरांच्या मंडळी. माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांचं. माणसाकडं बघायची त्यांची रीत अजून बाजारातली होती. दात तेवढे मोजायचे बाकी ठेवले. मला नखशिखांत पाहून त्या सरांना म्हणाल्या, "हेला वळखतंय कोण? उद्या काय झालं तर जामीन कोण?"

"मी," सर म्हणाले आणि पाय धुवायला मोरीत गेले.

त्या एका अक्षराखाली मी आजपर्यंत राहतो. गच्चीवरच्या माझ्या खोलीला पत्र्याचं छप्पर आहे, पण ते फक्त पावसासाठी. खरं छप्पर सरांचा तो 'मी'. उपकार करणाऱ्याच्या घरात राहणं फार सुखाचं असतं असं लोक म्हणतात. लोक राहिलेले नसतात. आपल्याकडून ग्लास जोरात ठेवला गेला तरी रात्रभर वाटत राहतं, की आता उद्या तो 'मी' मागं घेतला जाणार.

पुढं मला सात रस्त्याजवळच्या एका वॉशिंग सेंटरात काम मिळालं. गाड्या धुण्याच्या धंद्यात वरचा आणि खालचा असा भेद असतो, हे बाहेरच्यांना कळत नाही. मी खालचा. चाकं, मडगार्ड, पायातल्या रबरी चटया हे माझं राज्य. गाडीच्या अंगाला हात लावायचा मान तिथल्या चाचांचा. चाचा वयानं मोठे, दाढीला मेंदी, आणि गाडी पुसण्यात त्यांचा हात असा की मालकसुद्धा त्यांच्याशी नरमाईनं बोलायचा. ते मला 'पहियेवाले' म्हणायचे. त्यात तिरस्कार नव्हता, फक्त हद्द होती.

सरांना ही हद्द माहीत नव्हती. गाडी यायच्या आदल्या आठवड्यातच त्यांनी बोळात जाहीर करून टाकलं, की आपल्या घरात गाड्यांचा तज्ज्ञ राहतो. शेजारचे मला आदरानं विचारायला लागले, ऑईल कुठलं बरं, टायर कुठले बरे. मी मान हलवायचो. तज्ज्ञानं फार बोलायचं नसतं हे माझ्या पथ्यावर पडलं. मी फक्त चाकांपुरता आहे, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण जो माणूस आपल्याला जामीन राहिला, त्याला चारचौघांत खोटा पाडायचा कसा? म्हणून मी गप्प राहिलो आणि झोप गमावली.

गाडी आली. पूजा झाली. केम म्हणजे कुंकवाचं गाव, तिथं एवढी वर्षं घालवलेल्या माणसाच्या घरात कुंकवाला काय तोटा; बॉनेटवर ओलं स्वस्तिक काढलं, ते वाळून रंगाला असं बसलं की त्याची गुलाबी खूण पुढं कित्येक दिवस दिसत होती. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मग सर आत गेले आणि पत्र्याची ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

त्या ट्रंकेबद्दल सांगायला पाहिजे. आपल्याकडं माणसाचा सत्कार करायचा तर टॉवेल-टोपी लागते, आणि सर निवृत्त झाले तेव्हा त्यांचे सत्कार करायला पंचक्रोशी तुटून पडली होती. शाळेनं केला, ग्रामपंचायतीनं केला, माजी विद्यार्थ्यांनी केला, दूध संस्थेनं केला. ज्यांना सरांनी नापास केलं होतं त्यांनी तर दोनदा केला. प्रत्येकाचा एकेक टॉवेल, त्यावर विणलेली अक्षरं, कडक किनार आणि मधोमध इस्त्रीची घडी. सरांनी त्यातला एकही वापरला नव्हता. सत्कारानं अंग पुसायचं म्हणजे काय? ते स्वतः काकूंनी कधीकाळी बाजारातून आणलेल्या जुनाट पंच्यानं अंग पुसत आणि टॉवेल ट्रंकेत जपत.

तर सरांनी त्यातला माजी विद्यार्थ्यांचा टॉवेल काढला आणि गाडीच्या बॉनेटवर पसरला. गाडीचा सत्कार झाला. टोपी कुठं घालायची यावर थोडी चर्चा झाली. शेवटी ती बाजूच्या आरशाला घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीनं आभार मानले नाहीत, तेवढं सोडलं तर समारंभ रीतसर झाला.

आणि त्याच वेळी सरांनी ठराव केला. दर रविवारी गाडी धुवायची आणि पुसायची ती सत्काराच्याच टॉवेलनं.

"सर, एखादं जुनं फडकं..." मी चाचांना पुसताना पाहिलेलं होतं, म्हणून अर्ध्यापर्यंत बोललो.

"नव्या गाडीला जुनं फडकं?" सर दुखावले. "सोलापुरात राहून? बाहेरगावचे लोक इथून टॉवेल घेऊन जातात, आणि आपण गाडीला चिंध्या लावायच्या? नव्याला नवंच पाहिजे."

मी लगेच म्हणालो, "बरोबर आहे सर." हे वाक्य माझं पाठ आहे. आठवीपर्यंत फक्त तेवढंच पाठ झालं होतं.

पहिला रविवार. उन्हं चांगली वर आलेली, गाडी दारात, बोअरची नळी जोडलेली. मी धुतली, सरांनी पंचपात्र-पळीनं आचमन करावं तसं अधूनमधून पाणी शिंपडलं, आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी दोन सत्कार घेऊन पुसायला लागलो. माझ्या हातात ग्रामपंचायत होती, त्यांच्या हातात दूध संस्था. कोरा टॉवेल पाणी पितच नव्हता. तो नुसतं पाणी इकडून तिकडं ढकलत होता. आम्ही डावं दार पुसेपर्यंत उजवं आपलं आपण वाळलं, आणि वाळताना त्यानं मागं काय ठेवलं ते आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. गाडीभर पांढरे ठिपके, गोल गोल, मध्ये रिकामे.

सरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "हे काय?"

"वाळतंय, सर."

"वाळलंय की. वाळल्यावर दिसतंय."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळीकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "गोवर आलाय जणू. लिंबाचा पाला बांदा की दाराला."

सर माझ्याकडं वळले. तज्ज्ञाचं मत पाहिजे होतं. मी बॉनेटवरून एक बोट फिरवलं, डोळे बारीक केले आणि सांगितलं, "बघून सांगतो." डॉक्टर लोक असंच सांगतात आणि त्यांचं काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा बिडी ओढायला बसले तेव्हा मी जवळ गेलो.

"क्या रे पहियेवाले, आज ऊपर कायकू देखता?"

मी ठिपक्यांचं सांगितलं. एका ओळखीच्याची गाडी आहे म्हणालो.

"धूप में धोया?"

"हौ."

"बोअर का पानी?"

"हौ."

"फिर गाडी पे दाने उगा दिया समज. वो पानी नै, चुना हय. ऊपर का पानी उड जाता, चुना बैठ जाता." त्यांनी बिडी झटकली. "देख, सुखाने का काम पुसने से चालू नै होता, आखरी पानी से होता. पानी कू बैठने नक्को दे. बैठ्या तो घर बनाता."

मला सरांची पायरी आठवली. मीही बसलो होतो आणि मीही घर केलं होतं.

चाचांनी बाकीचंही सांगितलं, हातानं हवेत दाखवत. सावलीत धुवायची. शेवटचं पाणी गोडं घ्यायचं आणि नळीचं तोंड काढून टपावरून अलगद सोडायचं, म्हणजे ते थेंब थेंब न राहता चादरीसारखं अखंड घसरतं आणि आपलं निम्मं काम स्वतःच घेऊन जातं. मग वरून खाली, एकेक पत्रा घेऊन. कापड घासायचं नाही. पसरायचं आणि ओढायचं, नाहीतर नुसतं टिपायचं. "जमीन पे गिर्या तो वो कपडा मय्यत. फिर उसकू गाडी पे नक्को लगा, कंकर लेके आता वो."

मी घरी येऊन हे सगळं मराठीत आणि स्वतःच्या अकलेचं म्हणून सांगितलं. सर खूश झाले. "बघा," काकूंना म्हणाले, "अभ्यास आहे त्याचा."

सावली होती. बोळाच्या टोकाला कडुनिंब होता. राहता राहिला प्रश्न गोड्या पाण्याचा. सोलापुरात नळाला पाणी येतं ते चांगलं येतं, फक्त रोज येत नाही. मधले दिवस ज्याचे त्यानं पिंपात भरून ठेवायचे असतात. आमच्या घरातली पिंपं काकूंच्या अखत्यारीत होती आणि त्यांच्यावर झाकणं होती आणि झाकणांवर वजनं होती. पाहुणा आला की काकू आधी विचारायच्या, चहा का पाणी; चहा घेतला तर बरं, त्यात निम्मं दूध असतं.

काकू भाजी आणायला गेल्या आणि एका निवृत्त शिक्षकानं स्वतःच्या घरात पाण्याची चोरी केली. बादली ते भरत होते, मी उचलत होतो. टपावरून पाणी सोडलं आणि खरंच ते चादरीसारखं उतरलं. काच, बॉनेट, दारं, सगळं एका ओघात. मागं फार थोडं राहिलं, ते आम्ही टिपलं. गाडी वाळली आणि तिच्यात कडुनिंब दिसायला लागला, पानापानांसकट.

काकू पिशवी घेऊन आल्या, गाडीपाशी थांबल्या, खाली वाहिलेलं पाणी पाहिलं. बोअरचं पाणी वाळताना फरशीवर पांढरं होतं. हे होत नव्हतं.

"गोडं घातलं व्हय?"

सरांनी रिकामी बादली पायानं गाडीमागं सारली.

"न्हाय, घाला की. माणसांनी काय, बोअरचं पिलं तरी मरत न्हाईत लवकर. गाडीला ताक लागतंय का विचारा, परवाचं हाय."

पण ठिपके गेले होते, आणि काकूंनाही ते दिसलं होतं. पुढच्या रविवारपासून एक बादली गाडीच्या नावानं बाजूला ठेवली जाऊ लागली. बोलणी वेगळी मिळायची.

माझे दिवस चांगले चालले होते, म्हणजे काहीतरी होणार हे मला कळायला हवं होतं. एक दिवस संध्याकाळी कामावरून येत होतो. उन्हं कलती होती आणि बोळाच्या तोंडाशी तिरप्या उजेडात सरांची गाडी उभी होती. मी सहज पाहिलं आणि जागीच थांबलो. सगळ्या बॉनेटवर बारीक रेघा. एक नाही, दोन नाही. सूर्य जिथं चमकत होता त्याच्याभोवती कोळ्यानं जाळं विणावं तशा. मान हलवली की जाळंही हलायचं.

पुसणारा कोण? मी. तज्ज्ञ कोण? मी. जामीन कोण, ते आलंच.

त्या रात्री मी पिशवी भरून पाहिली. आलो होतो त्याच पिशवीत सगळं मावलं, हे बघून आणखीच वाईट वाटलं. घरी फोन केला, आईला सांगितलं की इथं सगळं उत्तम आहे. ती म्हणाली, "तुझ्या सरांना नमस्कार सांगजो." मी पिशवी पुन्हा रिकामी केली.

रेघा सावलीत दिसत नव्हत्या. ढगाळ असलं तरी दिसत नव्हत्या. फक्त थेट उन्हात. मग करायचं काय ते ठरलं. मी सरांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "सर, रंगाला ऊन सोसत नाही. गाडी नेहमी झाडाखालीच ठेवू."

"अगदी बरोबर," सर म्हणाले, इतक्या पटकन की मला त्यांच्या विश्वासाची लाज वाटली. "मीच सांगणार होतो. ऊन अजिबात लागू द्यायचं नाही."

त्यानंतर आमचं घर सावलीच्या मागं फिरायला लागलं. सकाळी गाडी निंबाच्या पश्चिमेला, दुपारी पूर्वेला. बँकेत जायचं तर सर ढग येण्याची वाट बघायचे. सोलापुरात ढगाची वाट बघायची म्हणजे बँकेत न जाण्यासारखंच. निंबावर पक्षी बसायचे, ते गाडीवर आपापले अभिप्राय द्यायचे, आणि ते पुसायला पुन्हा सत्कार निघायचा. मी चाचांकडून त्यांचं एक जुनं मायक्रोफायबरचं फडकं मागून आणलं, मऊ, सशाच्या कानासारखं. सरांनी ते दोन बोटांत धरलं. "छान आहे. पण आपल्याकडं एवढे टॉवेल असताना?" मी म्हणालो, बरोबर आहे सर.

अशात केमहून निरोप आला. शाळेत कार्यक्रम आहे, सरांनी यायचंच, काकूंनाही आणायचं. आणि निरोप आणणारा सरांचा जुना विद्यार्थी जाता जाता म्हणाला, "सर, गाडी घेऊन या की. मैदानातच लावू मधोमध. पोरांना बघू द्या, आपले सर आता रेल्वेनं नाही येत."

मैदान मला न पाहताच दिसलं. केमच्या शाळेचं मैदान, वर निरभ्र आभाळ, भर दुपार आणि मधोमध काळी गाडी. सरांनी जन्मभर जिथं शिकवलं ते सगळं गाव गाडीभोवती गोल करून उभं, आणि कुणीतरी विचारणार, "सर, ह्या रेघा कसल्या?" सर माझ्याकडं बघणार. मलाही न्यायचं ठरलं होतं; सर गाडी चालवायचे ती वर्गात फेऱ्या मारल्यासारखी, शेजारी कुणीतरी लागायचं.

निघायच्या सकाळी आम्ही गाडी धुवायला घेतली. काकूंनी त्या दिवशी न मागता दोन बादल्या गोडं पाणी दिलं. त्यानं तर माझा धीरच सुटला. शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प राहिलो असतो कदाचित. टपावरून पाणी सोडलं, सरांनी ट्रंकेतून शाळेचा टॉवेल काढून आणला. खुद्द शाळेचा, तो आजवर काढला नव्हता. त्यांनी घडी मोडली आणि बॉनेटकडं हात नेला.

"सर," मी म्हणालो, "गाडीवर रेघा आहेत."

त्यांचा हात थांबला. नळीतून थेंब पडत होते.

"उन्हात दिसतात," मी पुढं म्हणालो. "खूप दिवसांपासून आहेत. मला पुसता येत नाही सर. मी चाकंच धुतो तिथं. पुसणारे वेगळे असतात. तुम्हाला कसं सांगायचं म्हणून मी... तुम्ही म्हणाल तर मी खोली..."

सर टॉवेलकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "तुला दिसल्या होत्या?"

"हो सर."

"मला वाटलं, तुला दिसल्या नसतील." त्यांनी दाराच्या आत एकदा नजर टाकली आणि आवाज आणखी उतरवला. "मी रोज सकाळी पुसायचो. तू कामाला गेलास की. धूळ बसायची, बघवायचं नाही. कोरडाच टॉवेल, जरा दाबून. रविवारी तू एवढं निगुतीनं करायचास, आणि मी सहा दिवस... म्हटलं, तुला कळलं तर काय म्हणशील. तज्ज्ञ माणूस."

म्हणजे सावलीत ठेवून रेघा ते माझ्यापासून लपवत होते आणि मी त्यांच्यापासून.

"झालं दोघांचं?" काकू दारात होत्या, किती वेळ कोण जाणे. "गाडीला ऊन सोसत न्हाय म्हनं, म्हनून फिरताय झाडाभवती. कळलं न्हाई व्हय मला? मी तर गाडी आल्या म्हैन्यातच बगितल्या रेघा. म्हटलं, शिकल्याली माणसं हायती, काय तरी नक्षी काडत असतील."

"मग सांगितलं का नाही?" सर म्हणाले.

"मला कुनी इचारलं? हितं ज्याला त्याला पाट हाय ना, नव्याला नवंच." त्यांनी सरांच्या हातातला टॉवेल घेतला, किनारीवरून अंगठा फिरवला आणि तोच टॉवेल सरांच्या गालावरून जरा जोरात ओढला. सर मागं सरकले. "लागलं? खळ हाय ह्यात. आन् किनार बगा, सुपाची कड हाय नुसती. आवो, लेकरू जनमलं की त्याला काय गुंडाळत्यात? कोरं?"

सर गाल चोळत होते.

"आजीच्या लुगड्याचा तुकडा गुंडाळत्यात. जुना, धुवून धुवून इरल्याला. बारशापतूर कोरं अंगाला लावत न्हाईत. का? तर सोसत न्हाय म्हनून. नव्या जिवाला जुनं कापड, हे कुनाला ठावं न्हाय? तुमास्नी बी ठावं हाय. आपला थोरला लेक झाला तवा तुमीच धोतर फाडून दिल्यालं."

ते खरं होतं. आमच्या भंडाऱ्याकडंही तसंच करतात. मीही अशाच कुठल्या तरी लुगड्यात गुंडाळला गेलो असणार. आम्हा दोघांना ते माहीत होतं, पण गाडीला ते लागू पडेल असं सुचलं नाही. गाडीला आम्ही पाहुणा समजत होतो. काकू तिला लेकरू समजत होत्या.

मी पुन्हा विषयाकडं आलो, कारण माझ्या डोक्यात तोच होता. "काकू, मग मी जाऊ का?"

"कुटं?"

"खोली सोडून."

काकूंनी माझ्याकडं बाजारातल्या नजरेनं पाहिलं, अगदी पहिल्या दिवसासारखं. मग म्हणाल्या, "आदी गाडी वाळव. ठिपकं पडाय लागलं बग."

खरंच, उजवं दार वाळायला लागलं होतं. काकूंनी आतून सरांचा अंग पुसायचा जुना पंचा आणून माझ्या अंगावर टाकला. पाणी त्यानं असं प्यायलं की जणू तहानलाच होता. मी पसरत गेलो, ओढत गेलो, सर मागून पिळून देत होते. एकही ठिपका पडला नाही. रेघा होत्या तिथंच होत्या.

केमला आम्ही दुपारी पोचलो. सरांनी कुर्डुवाडीपासून पुढं तर एका ट्रॅक्टरला मान देऊन त्याच्या मागंच गाडी ठेवली. मैदानात मधोमध जागा राखली होती, चुन्यानं चौकोन आखलेला. ऊन असं होतं की गाडीवरची रेघन् रेघ मोजून घ्यावी. गाव गोळा झालं. पोरांनी काचेला नाकं लावली. एका म्हाताऱ्यानं बॉनेट निरखून पाहिलं आणि मी चाकाशी वाकलो. तो सरांना म्हणाला, "आरशावानी सगळं दिसतंय की ह्यात. पार माझी टोपी." आणि टोपी नीट करून निघून गेला. बाकी कुणी काही विचारलं नाही. ज्या गोष्टीसाठी आम्ही इतके दिवस झाडाभोवती फिरलो, ती बघायला लोकांना सवड नव्हती. ते सरांना बघायला आले होते.

मग सत्कार झाला. अर्थातच झाला. टॉवेल आणि टोपी. काकूंना साडी-खण. आणि शेवटी माइकवरचा माणूस म्हणाला, "सरांबरोबर आलेल्या पाहुण्यांचाही..." आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मागं वळून पाहिलं, मागं भिंत होती. मला पुढं नेलं. मुख्याध्यापकांनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, आणि त्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. शाळेत मला बोलावून पुढं उभं करण्याचा प्रसंग पूर्वी आलेला होता, पण टाळ्या नव्हत्या.

माइकवरच्यानं सरांना माझी ओळख विचारली. सर उठले. "हे आमच्या घरचे," म्हणाले आणि बसले.

परतताना मी टॉवेल मांडीवर घडीतच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ट्रंक अंगणात आणली. मोठ्या घंगाळात गरम पाणी, धुण्याचा सोडा, आणि एकामागून एक सत्कार आत. ग्रामपंचायत, दूध संस्था, माजी विद्यार्थी, नापास झालेले. पाणी पिठूळ पांढरं झालं. सर थोडा वेळ बाजूला उभे राहिले, मग बाही सारून पिळायला बसले. "दोन-चार धुण्यांत मऊ पडतील," ते मला म्हणाले, जणू मूळ कल्पना त्यांचीच. दोरीवर ते सगळे ओळीनं लागले तेव्हा अक्षरं अजून वाचता येत होती, पण ताठपणा गेला होता. बऱ्याच मान्यवरांचा जाईल तर बरं, असं काकू म्हणाल्या.

"आन तुजाबी," त्यांनी हात पुढं केला.

मी खोलीत गेलो आणि टॉवेल घेऊन आलो. दिला नाही. हातातच धरून उभा राहिलो. काकूंनी आधी टॉवेलकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पर अंग पुसायच्या आदी धू. सोलवटून निघशील."

गाडी आता कुठंही उभी असते, उन्हातसुद्धा. रविवारी आम्ही ती मऊ झालेल्या सत्कारांनी टिपतो, ठिपके पडत नाहीत, नवीन रेघा येत नाहीत, जुन्या आहेत त्या आहेत. माझा टॉवेल मात्र अजून खळीतच आहे, घडी मोडलेली नाही. आलो होतो त्याच पिशवीत ठेवला होता, पण त्या कडक किनारीनं पिशवीची शिवण उसवायला लागली. म्हणून तो फळीवर ठेवला आणि पिशवी काकूंनी बटाट्यांसाठी नेली.